मोडक्या खाटांची खोली

काकू सरकारी दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी धुवायच्या आणि काका कुलपं दुरुस्त करायचे. "सगळी कुलपं माझं ऐकतात, बायको तेवढी ऐकत नाही," असं ते गिऱ्हाइकांना हसत सांगायचे. मग स्मृतिभ्रंशाने त्यांना गाठलं. घरचा रस्ता गेला, लेकीचं नाव गेलं, पण हातातली कला काही जाईना. काकू कामावर गेल्या की हे आतून लॅच उघडून बाहेर पडायचे आणि दिसेल त्या दाराशी बसून त्याचं कुलूप उघडायला लागायचे. गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणायचे. ओळखीच्यांनी सांभाळून घेतलं. एका अनोळखी घराने चोर समजून बडवलं. अख्ख्या गल्लीने ज्याच्यावर विसंबून किल्ल्या सोपवल्या, त्याच्या ओठाला टाके पडले.

मग काकूंनी काकांच्याच जुन्या चेल्याकडून दाराला बाहेरून कडी बसवून घेतली. तो मान खाली घालून स्क्रू पिळत होता, तर काका शेजारी उभे राहून सांगतात, "तिरका जातोय रे, सरळ धर." स्वतःच्याच कोंडवाड्याचं काम त्यांनी नीट करून घेतलं. चेला डोळे पुसत गेला. काकू रोज काळजावर दगड ठेवून ती कडी लावून कुलूप घालायच्या, कारण चादरी धुतल्या नाहीत तर चूल पेटणार कशी?

धुलाईघराला लागूनच एक खोली होती, मोडक्या खाटांनी भरलेली. काकूंचं मागणं एवढंच होतं: ती रिकामी करा, एक नर्स द्या, अशा माणसांना दिवसभर तिथे सांभाळा. आणखी चार घरांच्या सह्या घेऊन त्यांनी आरोग्य खात्याचे उंबरठे झिजवले. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. इथे वर्ष उलटलं, तेव्हा कुठे साहेबांची भेट मिळाली.

"मावशी, म्हातारपणी माणूस विसरतोच," साहेब म्हणाले.

"गोवर आला की तुमची माणसं घरोघर फिरतात, साहेब. आमच्या दारी कोण आलं? वय झालं म्हणायचं आणि हात झटकायचे! मी माझ्या माणसाला गुरासारखं कोंडून इथे आलेय. आधी हा आजार आहे, एवढं तरी माना."

साहेब ओशाळले. माणूस वाईट नव्हता, पण चांगुलपणाने खोली रिकामी होत नाही. "मला पटतंय हो. पण खात्याच्या योजनेत हा आजारच नाही. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी ह्यांच्यातलं काय उरलेलं असेल?" काकूंनी विचारलं.

घरी आल्या, कुलपाची किल्ली काढली. साहेबांसमोर आवरलेलं सगळं दाराला डोकं टेकताच बाहेर पडलं.

"कोण रडतंय?" आतून काकांचा आवाज आला.

"मी आहे, अहो."

"कोण मी? घाबरू नका, बाई. किल्ली हरवली का? आत्ता उघडून देतो."

लेकीला ते केव्हाच विसरले होते. बायकोला ओळखत होते, आज सकाळपर्यंत. आतून पेचकसाची खरखर सुरू झाली. ज्या दाराला आतून उघडण्यासारखं काहीच नव्हतं, ते दार काका मन लावून उघडत होते.

"घरी कुणी वाट बघतंय का तुमची?"

"हो," काकू कशाबशा म्हणाल्या. "माझे मालक."

"मग घाई करायला हवी."

काकूंनी हळूच कुलूप काढलं, कडी सरकवली. दार उघडलं. काका पेचकस हातात धरून उभे होते, घामाघूम, पण चेहरा खुललेला.

"बघा, उघडलं की नाही!" ते म्हणाले. "जा आता लवकर. काळजीत असतील ते."