पाकिटावरचा चंद्र

माझी मावशी औषधांचं दुकान चालवते. निम्म्या गिऱ्हाइकांना वाचता येत नाही, म्हणून ती पाकिटांवर चित्रं काढते: सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्र. दिवसभर उभं राहून तिचे पाय भोपळ्यासारखे सुजतात, पण चित्र कधी चुकत नाही.

काल संध्याकाळी कामावर निघालेला कारखान्याचा रखवालदार आत आला. "ताई, खाजेची गोळी चंद्र दिसला की घेतो आणि फाटकावरच घोरतो! साहेब म्हणाले, आणखी एकदा झोपलास तर कायमचा घरी बस."

मावशीने कपाळाला हात लावला. "अहो, तुमची रातपाळी, हे मी विचारलंच नाही!"

"तुम्ही चंद्र काढलात, मी चंद्राचं ऐकलं."

मागून एक आजी खेकसल्या, "आटप गं बाई, माझे गुडघे बोंबलायला लागले!"

मावशीने जांभई दाबली, पाकिटावरचा चंद्र खोडला आणि तिथे खाटेचं चित्र काढलं. "पाळी संपवून घरी आडवे झालात की घ्यायची. आज फाटकावर नाही."

तो हसत गेला. मग थकलेल्या आवाजात तिने पहिल्यांदाच विचारलं, "आजी, तुम्ही झोपता कधी?"

"मेली झोप येते कुठे!"

मावशी कोरं पाकीट घेऊन, दिवसभरात पहिल्यांदाच, स्टुलावर बसली.