उत्तरेचा बाण

शाळा आठवीत सुटली, पण रेषा काढायला हात स्वच्छ होता. त्या हातावरच ऐंशीच्या दशकात मला न्यू जर्सीतल्या एका विद्यापीठात नकाशे काढायचं काम मिळालं. शब्द टाकला होता तिथेच शिकणाऱ्या नागपूरच्या एका विद्यार्थ्याने. मला काका म्हणायचा. माझा प्रत्येक नकाशा तपासून खाली सही त्याची. त्याचे उपकार विसरलो नाही, म्हणूनच पुढचं लिहिणं जड जातं.

विमानातून काढलेले फोटो बघून डोंगराच्या रेषा काढायच्या. पहिल्याच दिवशी त्याने बजावलं होतं, "उत्तरेचा बाण पोटाकडे ठेवा. सावली आपल्याकडे पडली पाहिजे, नाहीतर डोंगराची धार घळीसारखी दिसते." मी बाण तेवढा लक्षात ठेवला.

पुढे दक्षिण ध्रुवाकडच्या एका शिखराचं काम आलं. चहूकडे हिमनद्या, मधूनच वर आलेला काळा खडक, माणूस कुठेच नाही. पूर्वेच्या अंगाचा एकच फोटो होता. त्यात मला एक रुंद, वाऱ्याआडची घळ दिसली, तशी काढली. त्याने सही केली. तिथे जाणाऱ्या विद्यापीठाच्या तुकडीचे तंबू त्याच घळीत पडायचे ठरले. तोही जाणार होता.

निघायच्या आठवड्यात सामान बांधताना म्हणाला, "काका, तिकडे तंबूचं दार उत्तरेला बरं का. दुपारचं ऊन तिकडूनच येतं."

माझ्या हातातला दोर तसाच राहिला. ऊन उत्तरेकडून, म्हणजे सावली दक्षिणेला. आणि मी तर सवयीने बाण पोटाकडेच ठेवला होता; सावली पलीकडे पडलेली.

दोन दिवस गप्प राहिलो. बोललो तर माझी नोकरी आणि त्याची सही. न बोललो तर तो. तिसऱ्या दिवशी फोटो त्याच्यापुढे उलटा फिरवून ठेवला. घळ वर आली.

"ही धार आहे," तो म्हणाला. "अगदी वाऱ्याच्या तोंडावर." मग माझ्याकडे वळून, "शाळेत भूगोल नव्हता का, काका?"

"होता. मीच नव्हतो."

तो हसला नाही. तुकडी नेणाऱ्या सरांकडे जाऊन चूक आपल्या तपासणीची म्हणून सांगून आला. न बघता सही करणाऱ्याला बर्फावर नेत नाही, म्हणाले सर. त्याच्या जागी दुसरा गेला. माझी नोकरी टिकली.

पुढे दोन वर्षं तो शेजारच्याच टेबलावर होता. काका म्हणणं सुटलं नाही. फक्त मी पेन टेकवण्याआधी उठून यायचा. "दिशा बघू, काका." मी हात बाजूला घ्यायचो.