सोळा हजारांची शांतता

संध्याकाळचे पाच वाजायला आले की नेरेया अकुमू शिवणाचं मशीन जोरजोरात चालवायची. खाली कापड असो नसो. किबुये बाजारातल्या शेजारणी म्हणायच्या, हिच्या अंगात येतं. अंगात वगैरे काही येत नव्हतं. पाच वाजता तिचा नवरा ओग्वेनो दाराबाहेर दोनदा खोकायचा, जाळं खांद्यावर टाकून रात्रीच्या मासेमारीला सरोवरावर निघताना खोकायचा तसाच. आणि ओग्वेनोला सरोवराने गिळून दोन वर्षं झाली होती.

होडी रिकामी सापडली, माणूस सापडला नाही. अशा वेळी काय करायचं हे आमच्यात पोरासोरांनाही ठाऊक असतं. यागोच्या झाडाचं लांबट, जड फळ आणायचं, गेलेल्याच्या कपड्यात गुंडाळायचं आणि माणसाला पुरावं तसं रडून-बोलून पुरायचं. सासू दोर्का पहिल्या महिन्यापासून तेच सांगत होती. पण नेरेया अडून बसली. "तो युगांडाच्या काठाला लागला असेल. जिवंत माणसाच्या नावाने फळ पुरलंत तर खरंच मरेल तो. मग कोण जबाबदार?" मग भावकीतल्या म्हाताऱ्यांनीही विषय पुढे ढकलला. तेव्हापासून ती ना सवाष्ण ना विधवा. उयोमा गावचं सासर सोडून किसुमू शहरात आली आणि शाळेचे गणवेश शिवायला लागली. खोकला पाठोपाठ आलाच.

एके दिवशी रोसाबेला मॅडम झग्याचं माप द्यायला आल्या. बँकेतल्या बाई, बोलायला फटकळ, मनाने चांगल्या.

"नेरेया, डोळ्यांखाली काय ही काजळी! मिलिमानीत ध्यानाचा वर्ग आहे. आठ आठवडे, सोळा हजार शिलिंग. माझी झोपेची गोळी सुटली बघ."

"तिथे करायचं काय?"

"शांत बसायचं. श्वास घ्यायचा, सोडायचा."

"श्वास घ्यायला सोळा हजार? मॅडम, बाजारात तर फुकट घेतो आम्ही."

"फुकट घेतेस म्हणूनच असं भुतासारखं तोंड झालंय. पहिली बैठक फुकट आहे. जाऊन तर बघ."

गंमत अशी, की तेवढेच पैसे तिने गाठीला बांधले होते. आणि त्याच आठवड्यात सासूचा फोन आला, नेहमीसारखी सुनेला माहेरच्या गावाच्या नावाने हाक मारत. "आसेंबोवाली, सोळा हजार साठलेत म्हणालीस ना, तेवढ्यात बोकड येतो. आलेल्या माणसांची मक्याच्या पिठाची उगाली निघते. अजून किती दिवस माझ्या पोराला पाण्यात ठेवणार आहेस?" नेरेयाने फोन ठेवला. तिला फक्त तो खोकला थांबायला हवा होता. नवऱ्याला न मारता शांतता विकत मिळत असेल, तर सोळा हजार काही जास्त नव्हते. असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं म्हणा ना.

बैठक शनिवारी चार ते साडेपाच. बंगल्याच्या मागच्या खोलीत बारा उशा आणि बारा माणसं. शिकवणारी न्याकियो नैरोबीकडची, तरुण, पायात मोजे. तिने डोळे मिटायला सांगितले. "विचार येईल. त्याच्याशी भांडू नका, त्याच्या मागेही जाऊ नका. बघा, आणि जाऊ द्या."

आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. नेरेयाचे खांदे खाली आले. दोन वर्षांत पहिल्यांदा पोटापर्यंत श्वास गेला. हे नाकारण्यात अर्थ नाही. ती बाई लुटारू नव्हती.

मग पाच वाजले. खोकला आला. दाराबाहेरून नव्हे, उशीच्या अगदी शेजारून, आणि ओल्या जाळ्याचा वास. हात मशीन शोधायला लागले, पण तिथे मशीन नव्हतं. आजवर तिने खोकल्याच्या पुढचं कधी ऐकलंच नव्हतं. आज ऐकावं लागलं.

"नेरेया, टॉर्च दे ना. तुझ्या उशाखाली आहे."

त्या दिवशी तो हेच म्हणाला होता. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती, टक्क जागी. त्याच्या होडीतले मोठे मासे कुणा दुसरीच्याच टोपलीत जातात, असं तिच्या कानावर आलं होतं. चांगली अद्दल घडू दे, म्हणून तिने झोपेचं सोंग घेतलं. तो दोनदा खोकला, थांबला, आणि उजेडाशिवायच गेला. फळ पुरायला ती अडत होती ते तो जिवंत असेल म्हणून नव्हे. पुरताना बायकोला मेलेल्याशी बोलावं लागतं, म्हणून.

बैठक संपल्यावर न्याकियोने हळूच विचारलं, "ताई, काय आलं?"

"नवरा आला."

"आला तर येऊ द्या. आणि जाऊ द्या."

"अगं पोरी, जाऊ कुठे देऊ? त्याला जायला जागाच नाही." बोलून गेल्यावर नेरेया स्वतःच दचकली.

न्याकियो म्हणाली, "मग आधी ती जागा करा. वर्ग कुठे पळून जात नाही." फी मागितली नाही. असं म्हणणारी मास्तरीण धंद्यात किती टिकेल, देव जाणे.

सोमवारी नेरेया उयोमाला गेली. गुरुवारी भर दुपारी घराच्या उजव्या हाताला खड्डा खणला गेला. ओग्वेनोच्या निळ्या सदऱ्यात गुंडाळलेलं फळ तिने स्वतः उचललं. तान्ह्या मुलाएवढं जड होतं. म्हातारे म्हणाले, "बायकोने आधी बोलावं."

पन्नास माणसं ऐकत होती. नेरेया खड्ड्याच्या काठावर गुडघ्यांवर बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी जागी होते. तू टॉर्च मागितलीस, मी ऐकलं. आणि दिली नाही."

बायकांचं रडणं मध्येच थांबलं. आता दीर हात उगारणार, सासू शिव्याशाप देणार, म्हणून तिने मान खाली घातली. दोर्का काठी टेकत आली, कण्हत सुनेशेजारी बसली, आणि खड्ड्याकडे बघत बोलायला लागली.

"आधी माझ्या दाराशी आला होता. माझी टॉर्च खुंटीला होती, सेलसुद्धा नवे होते. मी आतूनच म्हटलं, बायको केलीस ना, तिच्याकडे माग." तिने नेरेयाचा हात धरला. "दोन वर्षं झाली, रोज पाच वाजता दाराशी खोकतो गं."