शेळीमार्फत बोलणाऱ्या मावशी

रानभाज्या बघायला पाहुणे येणार होते, म्हणून मी त्या रानभाज्यांचा बांध खुरपून स्वच्छ करून घेतला.

खुरपणाऱ्या बाया मी शेजारच्या गावातून आणल्या होत्या. त्यांतल्या एकीने दोनदा विचारलं, "सगळंच काढायचं का, साहेब?" मी म्हणालो, "एक काडी दिसता कामा नये." शेतीतल्या जैवविविधतेवर मी जिल्हाभर भाषणं देत हिंडतो, हे आत्ताच सांगून टाकतो. नंतर कळण्यापेक्षा बरं.

बांध टेंभुर्णीच्या मावशींचा होता. ठेंगणी बाई, कमरेला खोचलेला पदर. बांधावरचं कुठलंही पान खुडायच्या, बोटांत चुरडायच्या आणि समोरच्याच्या तोंडापुढे धरायच्या. "आधी खा. मंग बोला." पहिल्या भेटीत मी त्यांना कुर्डूचं शास्त्रीय नाव म्हणून दाखवलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "करतात कशी ही भाजी?" मला येत नव्हतं. "मंग नाव कशाला पाठ केलं?"

शेजारचं शेत त्यांच्या चुलत दिराचं. मधल्या बांधाच्या हातभर जागेवरून दोघांचं आठ वर्षं बोलणं बंद. पण शेतं लागून असली की निरोप द्यावेच लागतात. मावशी ते शेळीला सांगायच्या, पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात. "चांदे, त्यायला सांग, पाणी आमच्यात येऊन राह्यलं." पलीकडून दीरही शेळीलाच उत्तर द्यायचे, "चांदे, सांग, बंद करून राह्यलो." शेळी चरत असायची. गावातल्या रानभाज्यांच्या उपक्रमाचा कागदावर समन्वयक मी होतो. काम तिचं चाललं होतं.

आता त्या पाहुण्यांचं. जालन्यात मस्तगडाजवळ मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथला स्वयंपाक एका चाचीच्या हातात. ठरत आलं होतं ते असं: गावाने बांधावर तणनाशक मारायचं नाही, बायांनी भाजी खुडायची आणि पावसाळाभर ती चाचीने घ्यायची. चाची हो म्हणाली तर बांध राहणार होते. नाही म्हणाली तर गावात फवारणीचे पंप तयारच होते. "आठ दिस थांबा," असं घरोघर सांगून मावशींनी लोकांना थोपवून धरलं होतं. बेत फसला असता तर शब्द त्यांचा गेला असता. माझं काय, मी दुसऱ्या गावात भाषण केलं असतं.

आदल्या दिवशी मावशी जाफराबादला डोळे दाखवायला गेल्या होत्या. मला वाटलं, तेवढ्यात बांध नीटनेटका करून ठेवू. दुसऱ्या दिवशी त्या परतल्या तेव्हा चाचीची जीप शेताशी उभी होती आणि बांध नुकत्याच भादरलेल्या डोक्यासारखा चकचकत होता.

चाचीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "भाजी किधर है?"

मी उपटून टाकलेल्या ढिगाकडे बोट दाखवलं. तो कालपासून उन्हात मान टाकून पडला होता.

"ये तो जानवरों का चारा है, साहब," चाची म्हणाली आणि जीपकडे वळली.

मावशींनी माझ्याकडे पाठ फिरवली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. शेळी शेजारीच बांधलेली होती. तिच्याकडे न बघता त्या मधल्या बांधापर्यंत चालत गेल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी."

दीर सोयाबीनमध्ये वाकले होते. ताठ झाले. सवयीने आधी शेळीकडे पाहिलं, मग वहिनीकडे.

"भाऊजी, वढ्याकडला तुमचा बांध दावायचाय पावन्यांना. आमच्याकडं शहाणा मानूस येऊन गेला."

"दावा की, वैनी. त्यात इचारायचं काय?"

ओढ्याकडचा तो बांध दिरांनी आळसाने तसाच ठेवला होता. गुडघाभर कुर्डू, खाली तांदुळजा, बोरीवर चढलेली करटुलीची वेल. मावशी पुढे, चाची मागे, दीर त्यांच्या मागे आणि सगळ्यांत शेवटी मी. मावशींनी पान खुडलं, चुरडलं, पुढे धरलं. चाचीने चावलं, पुन्हा चावलं, स्वतःच वाकून मूठभर खुडलं.

"अच्छा है. पर हफ्ते में दो दफा होना. इतना निकलेगा?"

मावशींनी दिराकडे पाहिलं. "माझ्या एकटीच्या बांधाचं काम न्हाई. दोघांचं मिळून बराबर व्हईल."

"फिर दोनों का भेजो," चाची म्हणाली.

म्हणजे बघा, मावशींच्या एकट्या बांधावर हा करार टिकलाच नसता. माझ्या खुरपणीनेच दोन शेतं जोडली. हे मी तिथल्या तिथे बोलून दाखवायला तोंड उघडलं. मावशींनी नुसतं पाहिलं. मी तोंड मिटलं.

दीर तयार झाले म्हटल्यावर बाकीच्यांनाही दम निघेना. आठवड्याभरात आख्ख्या शिवारातल्या बांधांवरची फवारणी थांबली. श्रावणात पहिली भाजी जालन्याला गेली तेव्हा टोपलं दिरांच्या डोक्यावर होतं आणि "सांभाळून, भाऊजी," म्हणत मावशी मागून चालल्या होत्या. वसतिगृहाच्या खानावळीच्या दारात त्या उभ्या राहिल्या, त्या पातेल्याचा तळ दिसेपर्यंत हलल्या नाहीत. मुली दुसऱ्यांदा ताट घेऊन आल्या, तिसऱ्यांदा आल्या. शेवटच्या दोघींना चाचीने चमच्याने खरवडून वाढलं. मावशींनी पदराने तोंड पुसलं. खाल्लं काहीच नव्हतं, तरी पुसलं.

हल्ली टेंभुर्णीला गेलं की मावशी भेटत नाहीत. कुंभार पिंपळगावच्या बायांनी त्यांना बोलावून नेलंय. तिकडचे बांध आणि तिकडची एक खानावळ यांची गाठ घालायचं चाललंय. मागच्या आठवड्यात मी फोन केला. पलीकडे बायांचा नुसता गलका.

"मावशी, मदतीला येऊ का?"

"नका येऊ, साहेब. काम जमत आलंय."