घनताबाईंच्या घरचं पाणी

घनताबाई दुधाची पिशवी आधी काट्यावर ठेवत आणि मग दूधवाल्याला गुड मॉर्निंग म्हणत. लिटरभर दूध एक हजार तीस ग्रॅमच्या आसपास भरलं नाही, तर त्या गुड मॉर्निंगमध्ये जो गारवा असे, तो आमच्या फ्रीजलाही कधी जमला नाही.

मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगीतली निम्मी पोरं त्यांच्याकडे विज्ञानाच्या ट्यूशनला जात. घनताबाई हे नाव आम्हीच ठेवलेलं. "वस्तुमान हवं तर आकारमानाला घनतेने गुणा, आकारमान हवं तर वस्तुमानाला घनतेने भागा. एवढं आलं की माणूस फसत नाही," असं त्या सांगत. सूत्र आम्हाला अजून पाठ आहे आणि आम्ही फसतोही नियमित.

दिवाळीचा फराळ सगळी बिल्डिंग मिळून तळते. एका वर्षी यादीत पंधरा किलो तेल होतं आणि सेक्रेटरींनी मोठ्या ऐटीत पंधरा लिटर आणलं. बाई म्हणाल्या, "हे जेमतेम पावणेचौदा किलो आहे. शेवटचा घाणा अडेल."

"बाई, तेल ते तेल. आता तरी शाळा सोडा ना," सेक्रेटरी म्हणाले.

शेवटचा घाणा अडला. चकलीचं पीठ बघत बसलं आणि सेक्रेटरी घरोघरी वाटी घेऊन फिरले. बाईंनी आपल्या वाट्याच्या चकल्या तेवढ्या सगळ्यांसमोर काट्यावर ठेवल्या.

मग काकांच्या, म्हणजे त्यांच्या यजमानांच्या, किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं आणि डॉक्टरांनी दिवसाचं पाणी बांधून दिलं. जास्त झालं तर ते फुप्फुसात साठणार. बाईंनी घराची प्रयोगशाळा केली. काका मूळचे मालवणचे, सोलकढीवर जीव. "अगो, सोलकढी म्हणजे काय पाणी? ता औषध," ते म्हणत. बाई वाटी काट्यावर ठेवत. "दीडशे ग्रॅम. म्हणजे जवळजवळ दीडशे मिली. संध्याकाळच्या पाण्यातून गेले."

रोज सकाळी काकाही काट्यावर चढत. एकदा पाऊण किलो जास्त भरले. काकांनी हवेला दोष दिला. बाई म्हणाल्या, "स्टेशनजवळचा उसाचा रस. तो पाण्याहून जड. दोन ग्लास आणि वर अर्धा त्याने फुकट दिलेला." काकांनी मान खाली घातली, कारण अर्धा खरंच फुकट होता. आम्ही यावर आठवडाभर हसलो. त्याच आठवड्यात काकांचा श्वास कोंडला आणि त्यांना उचलून न्यावं लागलं. तेव्हा ते वाचले. पुढची दोन वर्षं बाईंनी त्यांना पेल्यापेल्याने जगवलं आणि रोज त्यांच्या शिव्या खाल्ल्या.

काका गेले ते हृदय बंद पडून. पाण्याचा काही संबंध नव्हता.

घरात दिवा लावला. त्याच्याजवळ ठेवायला माझ्या आईने पाण्याचा पेला आणला, सांडू नये म्हणून अर्धाच भरलेला. बाईंनी तो पाहिला.

"भर गं तो. दोन वर्षं ह्यांना अर्ध्या पेल्यावर ठेवलंय मी."

आई तांब्याकडे वळली, तोवर बाईंनीच तो घेतला आणि ओतायला लागल्या. पेला भरला, पाणी फरशीवर आलं, दिव्याकडे वाहायला लागलं, तरी त्या ओततच होत्या. शेवटी मी त्यांचा हात धरला.