देवी, मला पाड!

नवस मी पुष्कळ बोललेय. मुलाच्या परीक्षेचे, नणंदेच्या लग्नाचे. पण चामुंडीपुढे हात जोडून, "आई, मला निवडणुकीत पाड, डोंगराच्या हजार पायऱ्यांना हळदीकुंकू लावीन," असं म्हणणारी म्हैसुरात मी एकटीच असेन! त्या एका महिन्यात आमच्या घरी इतके किस्से साठले, की एक सांगायला घेतला की चार बाहेर येतात.

झालं असं, आमचा वॉर्ड लेडीज झाला. ह्यांची पार्टी एक, धाकट्या नागेशभावोजींची दुसरी. दोघांनाही कॉर्पोरेटर व्हायचं होतं. म्हणून ह्यांनी मला उभं केलं, भावोजींनी माझ्या जावेला, शशीला. आमचं स्वयंपाकघर तीस वर्षं एक. आणि दोघे भाऊ रोज ओरडत, "जिंकू दे, त्याच दिवशी चूल वेगळी!"

नवस बोलून देवळाबाहेर आले, तर शशी चपला घालतेय.

"तू काय मागितलंस गं?"

"तुम्ही मागितलंत तेच, अक्का!"

*

माझ्या पोस्टरवर ह्यांचा फोटो ताटाएवढा, माझा टिकलीएवढा. कोपऱ्यावरची फुलवाली म्हणाली, "अय्यो! साहेबांचा बर्थडे काय?"

*

एकटीनं दारोदार जायची लाज वाटे. म्हणून मी आणि शशी जोडीनं प्रचाराला निघायचो. मी म्हणे, "शशीला द्या हं, कामसू आहे." ती म्हणे, "छे छे, अक्कांना द्या."

एक रिटायर्ड मास्तर चष्मा काढून म्हणाले, "बाई, तुमच्यात भांडण लावायला कुणी नाही का?"

*

सासूबाईंच्या मतासाठी दोघे लेक त्यांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "ज्याचा उप्पिट्टु चांगला, त्याला बघू."

जन्मात गॅस न पेटवलेले दोघे भाऊ सकाळीच रवा भाजायला उभे! एकाचा करपला, दुसऱ्याची खीर झाली. सासूबाई दोन्ही बशा चाटूनपुसून खात म्हणाल्या, "सुम्ने, उगाचच पाच वर्षं थांबतात. निवडणूक दर महिन्याला का घेत नाहीत?"

*

निकाल लागला. आम्ही दोघीही पडलो! निवडून आली तिसरीच, मागच्या गल्लीतली मंजुळा टेलर. तिला घरचं असं कुणी नव्हतं. पोस्टरवर तिचा एकटीचा फोटो होता.

जेवताना भावाभावांत जुंपली. "तू माझी मतं खाल्लीस!" "तू माझी!" मी आणि शशी मान खाली घालून पोळ्या वाढत होतो, हसू काही आवरेना.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मी पण मंजुळेलाच दिलं."

दोघे ताटावरून उठलेच. "आई! घरच्या सुना उभ्या असताना?"

"बटण एकदाच दाबू देतात रे. सुना माझ्या दोन आहेत. बसा खाली, भात निवतोय."

तुमच्या घरातही असे दोन उमेदवार उभे राहिले, तर एवढं ऐका माझं, तुम्हीही मंजुळेलाच मत द्या.