निर्माल्य आणि पेंढा

माझ्या सुनेचं कौतुक करायला मला निमित्त लागत नाही, पण निर्माल्याच्या हौदाची गोष्ट मी जरा जास्तच वेळा सांगते, असं माझा मुलगा म्हणतो. म्हणू दे. मी आयुष्यभर ठाण्यातल्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं. कर्बाचं चक्र, नत्राचं चक्र, फळ्यावर बाण काढून काढून खडू झिजवले. पण ते चक्र डोळ्यांदेखत फिरताना पाहिलं ते निवृत्त झाल्यावर, घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमागे. आणि ते फिरवलं माझ्या सुनेनं.

ती मानपाड्याची, आगरी घरातली. तिच्या माहेरच्या जमिनीवर आता टॉवर उभे आहेत, तरी वडिलांनी भातशेतीचा एक तुकडा हट्टानं राखलाय. लग्नाच्या वेळी आमच्या नात्यातल्या काही बायकांनी नाकं मुरडली होती. मी त्यांना तेव्हाच सांगितलं, मुलगी सॉफ्टवेअर कंपनीत तुमच्या मुलांपेक्षा वरच्या जागेवर आहे आणि तांदळाची भाकरीही हातावर थापते. तुमच्या घरात दोन्हींपैकी एक तरी कुणाला जमतं का? त्यानंतर नाकं जागेवर आली.

गणपतीतलं निर्माल्य खाडीत जायला नको, इथेच त्याचं खत करू, ही कल्पना तिची. कमिटीपुढे उभी राहून तिनं विटांचा हौद मंजूर करून घेतला. सोसायटीच्या गणपतीचं सगळं चौथ्या मजल्यावरच्या काकांकडे. बँकेतून निवृत्त झालेले, सज्जन, पण सोवळ्याओवळ्याचे पक्के. त्यांनी एकच अट घातली, निर्माल्यात कचरा पडता कामा नये. त्यामुळे हौदात गेलं ते फक्त देवाचं: दूर्वा, जास्वंद, पत्री, हारांची फुलं. आवारातला वाळका पाला पोत्यांत भरून वेगळा बाहेर गेला. इतका स्वच्छ हौद अख्ख्या ठाण्यात नसेल.

विसर्जन झालं आणि हौदाला वास सुटला. साधा नाही, नाकात झणझणणारा. गाड्या काढायला येणारे नाकाला रुमाल लावू लागले. रविवारच्या सभेत हौद बुजवायचा विषय ठेवल्याची नोटीस लागली. लिफ्टमध्ये कुणीतरी तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालं, गावच्या सवयी इथे कशाला. त्या दिवशी ती जेवली नाही.

"आई, मी सगळ्यांना शब्द दिलेला," ती म्हणाली. "हौद बुजवला ना, तर या बिल्डिंगमध्ये मी परत तोंड उघडणार नाही."

मला जो संताप आला तो अजून आठवतो. तिला घेऊन तशीच खाली गेले आणि हौदाचं झाकण उचललं. डोळ्यांतून पाणी आलं आणि, खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. शाळेच्या प्रयोगशाळेतला ओळखीचा वास होता तो, अमोनियाचा.

तिला तिथेच शिकवलं. कुजवणाऱ्या जिवाणूंना आपल्यासारखं भात-वरण लागतं. भात म्हणजे कर्ब, तो असतो वाळक्या पाल्यात, काड्यांत. वरण म्हणजे नत्र, ते असतं हिरव्या, ओल्या जिनसांत. आपण त्यांना नुसतं वरण पाजलं होतं, तेही हवा न खेळणाऱ्या गच्च हौदात. जास्तीचं नत्र त्यांना पचेना, म्हणून ते अमोनिया होऊन वर निघालं होतं. हवेत एवढं नत्र भरलेलं असतं, पण झाडाला ते तसंच्या तसं घेता येत नाही. मातीत खत म्हणून मिळालं तर कामाचं. ते खतच आपल्या नाकासमोरून उडून चाललं होतं. त्याला धरून ठेवायला भात हवा, म्हणजे वाळका पाला.

तेवढ्यात तिथे आलेल्या काकांनी नकारार्थी मान हलवली. पायदळी आलेला पाला देवाच्या फुलांत? मी म्हटलं, जिवाणू सोवळंओवळं बघत नाहीत. ते म्हणाले, आम्ही बघतो. मी आणखी काही बोलणार, तोच सुनेनं माझा दंड धरून मला वर आणलं आणि वडिलांना फोन लावला.

गुरुवारी व्याही आले. मोठी गाडी, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये रखडलेली, आणि आत सीट आडव्या करून काचांपर्यंत पेंढा भरलेला. काका खाली उभेच होते. व्याही हसून म्हणाले, "पेंढा म्हंजे लक्ष्मी. आमचे घरान त्याला पाय नाय लावीत कोन."

काका तरी घुटमळत होते. तेव्हा सून अगदी शांतपणे म्हणाली, "काका, दसऱ्याला तुम्ही दाराला झेंडूबरोबर भाताच्या लोंब्या बांधता ना? त्याच भाताचा हा पेंढा."

 काकांनी चपला काढल्या आणि पहिली मूठ स्वतःच्या हातानं हौदात टाकली. चाळीस मिनिटांचा तास घेऊन मला जे पटवता आलं नसतं, ते माझ्या सुनेनं दोन वाक्यांत पटवलं. मी तिथेच सगळ्यांसमोर तिच्या पाठीवर थाप मारली.

सगळा माल आम्ही वरखाली केला, थरांमध्ये पेंढा घातला. रविवारपर्यंत वास जवळजवळ गेला होता. ढिगात हात घातला तर ऊब लागत होती. जिवाणू जेवत होते, खाल्लेल्या कर्बातला बराचसा श्वासावाटे हवेत परत सोडत होते. काकांनीच सभेत तो विषय मागे घेतला.

हिवाळ्यात हौदातून काळं, मऊ खत निघालं. त्याला मातीचा वास येत होता. पोती व्याह्यांच्या गाडीतून मानपाड्याला गेली आणि पावसाआधी त्या तुकड्यात पडली. हवेत गेलेला तसलाच कर्ब पानांनी ओढून घेतला, मातीतलं नत्र मुळांनी उचललं, आणि दसऱ्याच्या सुमारास दाणा भरला.

त्या तांदळाची पिठी करून त्यानंतरच्या वर्षी गणपतीत मी उकडीचे मोदक केले. नाकं मुरडणाऱ्या बायकाही होत्या. काका आरती करून जेवायला बसले, एक मोदक खाल्ला आणि विचारलं, "वहिनी, तांदूळ कुठला हो? छान आहे."

मी या प्रश्नाची वाटच बघत होते. "सुनेच्या माहेरचा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "तुम्हीच वाहिलेल्या दूर्वांवर पोसलेला."

काकांनी हातातल्या दुसऱ्या मोदकाकडे पाहिलं, तो कपाळाला लावला आणि मग खाल्ला. पाणी पिऊन सुनेला म्हणाले, आता त्यांचे गुडघे ऐकत नाहीत, पुढच्या वर्षीपासून सोसायटीचा गणपती तिनं सांभाळावा.  बिल्डिंगमध्ये परत तोंड उघडणार नाही म्हणणारी माझी सून तुपाची वाटी घेऊन उभी होती.

"सांभाळीन काका," ती म्हणाली. "पण पेंढा आधी मागवायचा."